गिटारमध्ये टाकलेले पैसे विकताना परत मिळतात का?

व्हिडिओत राहून गेलेला हिशोब इथं मांडतो. लातूरचा एक पोरगा नांदेडला माझ्या दुकानात इलेक्ट्रिक गिटार घेऊन आला. गिटार १८ हजारांची, वर ९ हजारांचे डिमार्झिओ पिकअप बसवलेले. क्लासची फी भरायची होती. "सर, २५ तरी आले पाहिजेत."

मी एकच विचारलं, "जुने पिकअप कुठंयत?" नशीब, डब्यात जपून ठेवलेले.

बघा, तुमचा खर्च म्हणजे गिऱ्हाइकाचा भाव नव्हे. बदललेला माल दिसला की त्याला आधी शंका येते: सोल्डरिंग कुणी केलं, लाकूड कोरलं का? म्हणून मूळ पिकअप परत बसवले. मल्टिमीटर लावला, सिंगल कॉइल साधारण ६ किलोओहम दाखवतो, काहीच दाखवलं नाही तर तार तुटलेली समजा. वाजवून व्हिडिओ केला. गिटार ११ हजारांना इथल्याच ऑर्केस्ट्रावाल्यानं नेली, डिमार्झिओ कुरियरनं पुण्याला ६ हजारांना गेले. १७ झाले. हप्ता भरला गेला. (माझं कमिशन चहात गेलं, ते सोडा.)

लाकूड कोरलेलं असेल तर खड्डा फोटोत दाखवा आणि भाव उतरवा. लपवू नका, नांदेड-लातूरमध्ये गिटार वाजवणारे सगळे एकमेकांना ओळखतात.