कानाचे माप

मुलांनो, कापड मीटरने मोजतात, दूध लिटरने मोजतात. मग आवाज कशाने मोजतात? आवाज डेसिबलमध्ये मोजतात. ('आवाज' हा शब्द तुमच्या ओळखीचाच आहे. तो फारसीतून उर्दूत आला आणि मराठीतही आला.)

पण येथे एक अडचण आहे. समजा, यंत्रावर एका शिट्टीचे आणि एका जाड, घुमणाऱ्या स्वराचे डेसिबल सारखेच दिसले. तरीही आपल्याला शिट्टीच मोठी वाटते. कारण आपला कान सर्व स्वर सारखे ऐकत नाही. म्हणून माणसाचा कान कसा ऐकतो, हे आधी ठरवावे लागते. तेही सर्व देशांत एकसारखे! नाहीतर एका देशात शांत ठरलेला पंखा दुसऱ्या देशात गोंगाट करणारा ठरेल.

असे नियम आंतरराष्ट्रीय मानक संघटना ठरवते. ती १९४७ साली सुरू झाली. तिची कचेरी स्वित्झर्लंडमधील जिनिव्हा शहरात आहे. आधी तज्ज्ञ मसुदा लिहितात. तो सदस्य देशांकडे जातो. देश हरकती कळवतात, मग मतदान होते. भारताचे काम भारतीय मानक ब्यूरो ही संस्था पाहते. पुरेशी मते मिळाली, तरच मानक छापले जाते.

छापलेले मानक कधी चुकत नाही, असे तुम्हांला वाटते का? इंग्लंडमधील रॉबिन्सन आणि डॅडसन यांनी १९५६ साली कानाचे मोजमाप प्रसिद्ध केले. १९६१ साली संघटनेने ते स्वीकारले. परंतु १९८० नंतर इतर शास्त्रज्ञांना जाड स्वरांच्या बाबतीत मोठा फरक आढळू लागला. काही ठिकाणी तो सुमारे १५ डेसिबल होता!

मग जपान, जर्मनी, डेन्मार्क अशा देशांतील शास्त्रज्ञांनी पुन्हा मोजणी केली. त्यांनी १८ ते २५ वर्षांच्या, निरोगी कानांच्या तरुणांना स्वर ऐकवले. (वय वाढले की बारीक स्वर कमी ऐकू येतात.) काम सोपे होते, पण कंटाळवाणे. एक स्वर ऐकायचा, दुसरा ऐकायचा आणि कोणता मोठा ते सांगायचे. असे पुन्हा पुन्हा! या सर्वांच्या उत्तरांवरून २००३ साली नवे मानक तयार झाले. गंमत म्हणजे १९३३ साली अमेरिकेत फ्लेचर आणि मन्सन यांनी केलेले जुने मोजमापच काही बाबतींत नव्या मानकाच्या अधिक जवळ निघाले.

२०२३ साली हे मानक पुन्हा दुरुस्त केले गेले. या वेळी फरक एका डेसिबलहूनही कमी होता.