आमच्या शेजारचे जिल्हे कसे झाले

पाचोऱ्याहून दूरच्या गावी निघाले, की वाटेत कोठे तरी जिल्ह्याची हद्द दाखविणारी पाटी लागते. प्रवासी ती क्षणभर पाहतो व विसरतो. लहान विद्यार्थ्यांस तर असे वाटते, की नदी-डोंगरांप्रमाणे ही हद्दही अनादी कालापासून तेथे आहे. वस्तुतः ह्या रेषा अलीकडच्या आहेत. त्या कोणी व का ओढल्या, हे पाहू.

१८१८ साली पेशवाईचा अस्त होऊन खानदेश इंग्रजांच्या अमलाखाली आला. कॅप्टन जॉन ब्रिग्ज ह्यांनी कारभारासाठी धुळे हे मुख्य ठाणे निवडले. त्या वेळचा जिल्हा अफाट होता. पुढे १८६९ साली नाशिक जिल्हा निर्माण झाला, तेव्हा नांदगाव, कळवण व बागलाण हे भाग खानदेशातून तिकडे गेले. तरीही उरलेला मुलूख सुमारे १०,००० चौरस मैल होता! रावेरच्या शेतकऱ्यास कलेक्टरसाहेबांपुढे गाऱ्हाणे मांडावयाचे, तर दीडशे किलोमीटरांच्या आसपास प्रवास करून धुळ्यास जावे लागे. जाण्यायेण्याचे दिवस, वाटखर्च आणि मागे पडलेली शेतीची कामे ह्यांचा हिशेब केला, तर अनेकांनी अर्ज न करणेच पत्करले असेल.

१९०६ साली ह्या जिल्ह्याचे दोन भाग झाले. जळगाव हे ठाणे असलेला पूर्व खानदेश आणि धुळे हे ठाणे असलेला पश्चिम खानदेश. पाचोरे पूर्वेकडे आले. ह्या वाटणीने भाषा मात्र वाटली गेली नाही. अहिराणी दोन्हीकडे बोलली जात राहिली, आणि सोयरिकी जुळविताना कोणी जिल्हा विचारला असेल असे आम्हांस वाटत नाही. १९६० साली महाराष्ट्र राज्य झाल्यानंतर दोन्ही जिल्ह्यांस त्यांच्या मुख्य शहरांची नावे मिळाली. ‘खानदेश’ हे नाव कागदावरून गेले, पण लोकांच्या तोंडून गेले नाही.

लांब अंतराची अडचण पश्चिमेकडे पुष्कळ काळ टिकली. सातपुड्यातील अक्राणीच्या भिल्ल व पावरा बांधवांस डोंगर उतरून, तापी ओलांडून धुळे गाठावे लागे. अखेर १ जुलै १९९८ रोजी नंदुरबार, नवापूर, शहादे, तळोदे, अक्कलकुवा व अक्राणी ह्या सहा तालुक्यांचा नंदुरबार जिल्हा झाला. धुळ्याकडे धुळे, साक्री, शिरपूर व शिंदखेडे हे चार तालुके राहिले. एका मोठ्या खानदेशाचे असे तीन जिल्हे झाले. त्यांतील अखेरचा आमच्या मते सर्वांत आधी व्हावयास हवा होता. ज्यांची वाट सर्वांत अवघड, त्यांचे ठाणे सर्वांत उशिरा जवळ आले.

दक्षिणेची हद्द निराळ्याच जातीची आहे. अजिंठ्याचा डोंगर हीच सीमा असे कोणी म्हणेल, पण सोयगाव व फर्दापूर ही गावे घाटाच्या खाली, आमच्याच बाजूच्या सपाटीवर असूनही निजामाच्या राज्यात होती. तेथे चलन हैदराबादचे, हाली शिक्क्याचे, आणि राज्याची जकातही स्वतंत्र. शिवार एकास एक लागून, पण राज्ये दोन! सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात सामील झाले, १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यास जोडला गेला, आणि पूर्वीची राज्याची सीमा आता केवळ जिल्ह्याची राहिली. म्हणूनच अजिंठ्याची लेणी पाहावयास पुष्कळ लोक जळगाव स्टेशनावर उतरतात, पण लेणी आहेत छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात.

पालकांस एक विनंती आहे. घरातील जुनी खरेदीखते, फेरफाराचे उतारे अथवा आजोबांचा शाळेचा दाखला पेटीत असेल, तर तो मुलांस दाखवावा. १९०६ नंतरच्या कागदावर ‘तालुके पाचोरे, जिल्हा पूर्व खानदेश’ अशी ओळ सापडण्याचा संभव आहे. त्याहून जुना कागद निघाल्यास नुसते ‘जिल्हा खानदेश’ असेल. असे कागद मुलांनी वर्गात अवश्य आणावेत, परंतु मूळ प्रत नव्हे, नक्कल करून.