संख्या दिसली पाहिजे

लहान मुलास 'पंचवीस' लिहावयास सांगावे आणि त्याने पाटीवर ५२ लिहावे, हे घरोघरी घडते. मंडळी त्याला मठ्ठ ठरवून मोकळी होतात. हा निकाल फार घाईचा होय. मुलाने कानाला जे ऐकू आले तेच लिहिले आहे! 'पंचवीस' म्हणताना पाच आधी येतात, वीस मागाहून. लिहिताना मात्र २ आधी मांडावा लागतो. आमच्या गोव्यातील मुलांपुढे तर आणखी एक पेच असतो. घरी कोकणीत ती 'स' आणि 'धा' म्हणतात, शाळेत 'सहा' आणि 'दहा'.

महाराष्ट्रात २०१९ साली इयत्ता दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात जुन्या नावांच्या जोडीने 'वीस पाच' असे वाचन दिले गेले, तेव्हा केवढे वादळ उठले! गणित समितीच्या प्रमुख डॉ. मंगला नारळीकर यांनी या सोप्या वाचनाचा कैवार घेतला. जुन्या नावांच्या अभिमान्यांनी ते हास्यास्पद ठरविले. आमच्या मते या वादात कानाचाच विचार अधिक झाला. नाव कोणतेही घ्या. त्यामागची रास मुलाने डोळ्यांनी पाहिली नसेल तर ते नाव पोकळच राहते.

मारिया मॉंटेसरी यांनी १९०७ साली रोममध्ये बालगृह उघडले. त्यांच्या पद्धतीत एक सुटा मणी, दहा मण्यांची सळी, शंभरांचा चौरस व हजारांचा घन असे साहित्य असते. हजार म्हणजे किती, हे मूल दोन्ही हातांनी उचलून पाहते. असे साहित्य महाग पडते, ही सबब मात्र चालावयाची नाही. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी बोर्डीस व पुढे कोसबाडला परिसरातील साध्या वस्तूंवरच बालशिक्षण उभे केले. आपल्याकडे चिंचोके आहेत, काजूच्या बिया आहेत.

चिंचोके कसेही पसरून ठेवू नयेत. तीन-चार वस्तू डोळा न मोजता ओळखतो, पुढे तो गोंधळतो. म्हणून सहा हे फाशावरच्या ठिपक्यांप्रमाणे तीन-तीनच्या दोन ओळींत मांडावेत. पंचवीस दाखविताना डावीकडे दहा-दहाच्या दोन ओळी व उजवीकडे सुटे पाच ठेवावेत आणि ओळींखाली २, सुट्यांखाली ५ लिहावेत. मग मूल 'पंचवीस' म्हणो की 'वीस पाच', लिहिताना ते चुकत नाही.

'एकोणतीस' हा शब्द तर डोळ्यांसाठीच घडविला आहे, असे आम्हांस वाटते. दहांच्या तीन ओळी मांडा आणि शेवटचा एक चिंचोका उचला. एकाने उणे तीस! समोर दोन पुऱ्या ओळी आणि नऊ उरले, म्हणून २९. (नव्व्याण्णव मात्र या कुळात बसत नाही, त्याला कोणी 'एकोणशंभर' म्हणत नाही. चाणाक्ष मूल हे विचारतेच.)

पाढ्यांचेही तसेच. पाठांतराचे आम्ही विरोधी नाही. परंतु ताटात चार-चार बियांच्या तीन ओळी मांडून ते ताट पाव फेरा फिरवावे. तीन-तीनच्या चार ओळी दिसू लागतात. 'तीन चोक बारा' आणि 'चार त्रिक बारा' ही दोन निरनिराळी ओझी नव्हेत, हे सांगावेच लागत नाही.

बेरजेसाठी कागदावर पाच-पाच घरांच्या दोन ओळी आखाव्यात. आठ घरांत चिंचोके ठेवून आणखी पाच हाती द्यावेत. मूल दोन रिकामी घरे भरते, तीन बाहेर उरतात. दहा आणि तीन, तेरा. काही दिवसांनी त्या कागदावर फडके झाकून नऊ आणि सहा विचारावेत. मूल फडक्याकडे पाहत क्षणभर थांबून 'पंधरा' म्हणाले, की चिंचोके डब्यात भरून ठेवावेत.