भांडवल नाही? ऑस्कर मिशोने काय केलं ते बघा



"सर, आयडिया आहे, पण भांडवल नाही." प्रत्येक बॅचमध्ये हे वाक्य येतंच. म्हणून आज एका फिल्ममेकरची गोष्ट.

ऑस्कर मिशो. जन्म १८८४, अमेरिकेतलं इलिनॉय राज्य. कृष्णवर्णीय कुटुंब, वडील गुलामगिरीत जन्मलेले. मिशोने रेल्वेत पोर्टरचं काम करून पैसे साठवले, साउथ डकोटात जमीन घेतली. त्या अनुभवावर कादंबऱ्या लिहिल्या आणि दारोदार फिरून स्वतः विकल्या. सिनेमाचं शिक्षण शून्य. तरी ४० च्या आसपास सिनेमे केले! कसे?

१. आपला माल आपल्या हातात ठेवला
१९१८ मध्ये लिंकन मोशन पिक्चर कंपनीला त्याच्या 'द होमस्टेडर' कादंबरीवर सिनेमा करायचा होता. मिशो म्हणाला, दिग्दर्शन मीच करणार. बोलणी फिसकटली. मग त्याने स्वतःचीच कंपनी काढली.

२. जुना ग्राहक हाच पहिला गुंतवणूकदार
आयोवातल्या सू सिटीच्या आसपासचे शेतकरी त्याला पुस्तकांमुळे ओळखत होते. त्यांनाच त्याने कंपनीचे शेअर विकले. १९१९ मध्ये सिनेमा पडद्यावर आला.

३. आधी बुकिंग, मग माल
तेव्हा कृष्णवर्णीयांसाठी थिएटरं वेगळी असायची. मिशो स्वतः थिएटर-थिएटर फिरायचा. पुढच्या सिनेमाची गोष्ट सांगायचा, कलाकारांचे फोटो दाखवायचा आणि मालकाकडून अ‍ॅडव्हान्स घ्यायचा.

४. मोठे ज्याला विचारत नाहीत, तो ग्राहक धरला
मोठ्या कंपन्यांच्या सिनेमात कृष्णवर्णीय माणूस एकतर नोकर, नाहीतर गुंड. मिशोने १९२० मध्ये 'विदिन अवर गेट्स' आणला. नायिका शिक्षिका, शाळेसाठी निधी गोळा करणारी. त्यात जमावाने कृष्णवर्णीय कुटुंबाला फाशी दिल्याचंही दाखवलं. शिकागोत आदल्याच वर्षी वांशिक दंगल झाली होती, त्यामुळे सेन्सॉर अडून बसलं. काटछाट झाली, पण सिनेमा लागला. विषय अवघड होता, पण प्रेक्षकाला आपलं खरं जगणं दुसरीकडे कुठे दिसत होतं?

आता कडू भाग
१९२८ मध्ये मिशोने दिवाळखोरी जाहीर केली. हे वाचलं आणि मला माझी एक दिवाळी आठवली. गिफ्ट बॉक्सच्या ऑर्डरचा अ‍ॅडव्हान्स आला, मी त्यातून दुकानाचं थकलेलं भाडं भरलं. होलसेलवाल्याने रोख मागितली तेव्हा गल्ला रिकामा. बायकोच्या बांगड्या गहाण ठेवून ऑर्डर पूर्ण केली. बीबीए झालेला माणूस मी! तेव्हा कळलं, अ‍ॅडव्हान्स ही कमाई नाही. माल पोचेपर्यंत ती ग्राहकाची उधारी आहे.

मिशो मात्र थांबला नाही. हार्लेममधल्या थिएटरवाल्यांचं भांडवल घेऊन १९३१ मध्ये त्याने 'द एक्झाइल' हा बोलपट केला. शेवटचा सिनेमा १९४८ चा. १९५१ मध्ये तो गेला.

या आठवड्याचा गृहपाठ
- तुमच्याकडून आधी काही घेतलेल्या दहा जणांची नावं वहीत लिहा.
- नवीन मालाचा नमुना किंवा फोटो घेऊन त्यातल्या तिघांना प्रत्यक्ष भेटा. नुसतं व्हॉट्सअ‍ॅप नको.
- अ‍ॅडव्हान्ससाठी वेगळं खातं ठेवा. त्यातून फक्त त्याच ऑर्डरचा खर्च. भाडं नाही, हप्ता नाही.

तिघांपैकी एकाने जरी अ‍ॅडव्हान्स दिला, तरी समजा तुमचा धंदा सुरू झाला. भेटूया पुढच्या धड्यात!