होडी ट्रेलरवर नेताय? आधी तोल बघा

सख्यांनो, बैलगाडीत मागे भार झाला की जू वर उचलतं. दोन चाकी ट्रेलरचंही तसंच. मागे वजन जास्त झालं, तर वेगात ट्रेलर हेलकावे खातो आणि समोरून येणाऱ्याचाही जीव धोक्यात येतो. पुढे फार झालं, तर गाडी मागे दबते, स्टेअरिंग हलकं पडतं.

होडीसह ट्रेलर 500 किलो असेल, तर जोडावर 35 ते 50 किलो भार हवा. सपाट जागी चाकांना दगड लावा, ट्रेलर सरळ ठेवून जोडाखाली वजनकाटा धरा. भार कमी भरला, तर होडी पुढे सरकवा. तळाचं पाणी काढा, जाळी मागे रचू नका, होडी पक्की बांधा.

हेलकावे आलेच, तर करकचून ब्रेक नको. वेग हळूहळू कमी करा.