पंगत किती जणांची?

लहानपणी मे महिन्याच्या सुट्टीत वडील आम्हाला मरीन ड्राइव्हवरच्या तारापोरवाला मत्स्यालयात न्यायचे. 1951 साली सुरू झालेलं ते मत्स्यालय आम्हा भावंडांना सिनेमापेक्षा प्यारं होतं. तेव्हा काचेला नाक लावून उभं राहायची जी हौस लागली, ती मी पन्नाशीत पुरी केली. ठाण्याच्या फ्लॅटमध्ये सहा फूट लांब, दोन फूट रुंद आणि दोन फूट उंच अशी खाऱ्या पाण्याची टाकी बसवली. गोड्या पाण्यातले मासे वीस वर्षं पाळले होते, म्हणून यातलं आपल्याला कळतं असा समज होता. वर्षभरात तो समज गेला आणि तीन मासेही गेले. त्यातून जे शिकलो ते पुढे देतो आहे.

1. खोक्यावरच्या लिटरवर भाळू नका

माझी टाकी बाहेरून मोजली तर 680 लिटरची भरते. वाळू, दगड आणि वरची रिकामी पट्टी वजा केली की पाणी साधारण 600 लिटर. दुकानदार म्हणाला, "साहेब, हा कॅनिस्टर फिल्टर हजार लिटरपर्यंत चालतो. डोळे झाकून घ्या." मी खरोखरच डोळे झाकून घेतला. टाकीत कोण राहणार हे त्यानं विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. राहणार होते लायनफिश, ट्रिगर, एंजल आणि दोन टँग. त्यातले पहिले दोघे कोळंबी आणि मासळीच्या तुकड्यांवर ताव मारणारे. घर किती चौरस फुटांचं आहे हे बघून कुणी तांदूळ धुवायला घेत नाही. पानं किती मांडायची, हे आधी विचारतो. त्याच टाकीत क्लाउनफिशची एक जोडी असती, तर तोच फिल्टर पुरून उरला असता.

2. खारं पाणी चुकीला माफी देत नाही

माशांची विष्ठा आणि उरलेलं खाणं कुजून अमोनिया तयार होतो. जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. हे गोड्या पाण्यातही होतं, पण खाऱ्या पाण्याचा पीएच 8.2 च्या आसपास असतो आणि तिथे अमोनियाचा विषारी भाग जास्त असतो. शिवाय त्याच तापमानाला खाऱ्या पाण्यात प्राणवायू जवळपास पाचव्या हिश्शानं कमी विरघळतो. जिवाणूंची वस्ती जमायला चार ते सहा आठवडे लागतात. मी दहाव्या दिवशीच मासे सोडले. पहिला टँग तिथेच गेला.

3. बंद डब्यापेक्षा उघडा सम्प बरा

कॅनिस्टर म्हणजे झाकण लावलेला डबा. त्यात अडकलेला गाळ दिसत नाही, म्हणून आठवत नाही, आणि आत कुजत राहतो. पावसाळ्यात एका रात्री चार तास वीज गेली. डब्यातल्या जिवाणूंनी आतला प्राणवायू संपवला आणि ते गुदमरले. वीज आल्यावर पंपानं ते कुजकं पाणी थेट टाकीत सोडलं. सकाळी टाकीजवळ नासक्या अंड्यासारखा वास येत होता आणि दोन मासे आडवे झाले होते. आता टाकीखाली चार फुटी सम्प, म्हणजे फिल्टरची उघडी टाकी आहे. वरून ओसंडून पडणारं पाणी फिल्टर सॉकमधून गाळून येतं आणि पडता पडता हवाही घेतं. सॉक दर तिसऱ्या दिवशी धुवावा लागतो. कंटाळा येतो, पण निदान घाण डोळ्यांसमोर असते.

4. हात आखडू नये ते स्किमरवर

सोसाट्याच्या वाऱ्यात किनाऱ्यावर पिवळट फेस साचतो, तो पाहिला असेल. पाण्यातल्या सेंद्रिय घाणीचा बराच भाग बुडबुड्याच्या पृष्ठभागाला चिकटतो. खाऱ्या पाण्यात बुडबुडे बारीक राहतात, म्हणून ही युक्ती तिथे चांगली साधते. प्रोटीन स्किमर हेच काम नळकांड्यात करतो. फेस वर चढतो आणि माथ्यावरच्या वाटीत जमतो. फिल्टर घाण धरून ठेवतो, तर स्किमर ती कुजण्याआधीच पाण्याबाहेर काढतो. पहिल्यांदा ती वाटी मोरीत रिकामी केली तेव्हा बायको दोन खोल्यांपलीकडून नाक दाबत आली. काळ्या चहासारखं पाणी, वास सुकट भिजल्याचा. हे सगळं इतके दिवस मासे श्वासातून घेत होते!

खादाड मासे असतील तर टाकीच्या दुप्पट लिटरचा स्किमर घ्या. नवा स्किमर आठवडाभर रुसून बसतो, त्याला घाबरू नका. ज्या कप्प्यात तो बसेल तिथली पाण्याची पातळी आडव्या काचेनं कायम ठेवा. ती दोन बोटं हलली तरी फेस बिघडतो.

5. वीज गेल्यावर पाणी कुठे जाईल, ते आधी मोजा

माझ्या टाकीत पातळी एक सेंटीमीटर उतरली की 11 लिटर पाणी कमी होतं. पाणी वर आणणाऱ्या नळीचं तोंड मी सात सेंटीमीटर खोल ठेवलं होतं. वीज गेली, पंप थांबला आणि त्याच नळीतून पाणी उलटं खाली येऊ लागलं. 78 लिटर येणार होतं आणि सम्पमध्ये जागा होती 40 लिटरची. बाकीचं हॉलभर पसरलं आणि खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या छतातून टपकलं. त्या वर आल्या, काही बोलल्या नाहीत, ओल्या बोटाची चव घेऊन फक्त म्हणाल्या, "खारट आहे हो." आता नळीचं तोंड पृष्ठभागाच्या जेमतेम खाली आहे. शिवाय दर महिन्याला मी मुद्दाम बटण बंद करून बघतो.

6. पंप बादलीनं तपासा

माझ्या पंपावर ताशी 5,000 लिटर लिहिलं आहे. तो आकडा पाणी जराही वर चढवायचं नसेल तेव्हाचा. दीड मीटर चढ आणि तीन एल्बो यांच्यानंतर 20 लिटरची बादली भरायला 25 सेकंद लागले, म्हणजे ताशी 2,880 लिटर. सम्पमधून तासाला चार-पाच वेळा पाणी फिरलं तरी पुरतं, त्यामुळे माझं भागलं. टाकीत लाटा हव्या असतील तर वेगळा वेव्हमेकर लावा. ते काम या पंपाचं नाही.

7. जिवाणूंना घर द्या, पण प्रवाळाचं नको

परदेशी पुस्तकांत प्रवाळाच्या सच्छिद्र दगडांनाच मुख्य फिल्टर मानतात. पण आपल्याकडे कडक प्रवाळ 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. म्हणून कुणी "शोसाठी कोरल" दाखवलं तर हात मागे घ्या. सच्छिद्र सिरॅमिकचे ठोकळे तेच काम करतात. मी त्यांनी सम्पचा एक अख्खा कप्पा भरला.

8. यंत्रापेक्षा सवय स्वस्त पडते

माझ्या टाकीत नायट्रेट शेवटी पाणी बदलूनच जातं. दर आठवड्याला 60 लिटर, म्हणजे आरओच्या पाण्यात दोन किलोहून थोडं जास्त मीठ. उडून गेलेल्या पाण्याची भर मात्र गोड्या पाण्यानंच घालायची, कारण मीठ उडत नाही. पंप इन्व्हर्टरवर घ्या. आणि सगळ्यात आधी टाकीची जागा इंजिनिअरला दाखवा. पाणी, काच, दगड आणि सम्प मिळून वजन टनाच्या घरात जातं.

गेल्या महिन्यात बायको टाकीसमोर उभी राहून म्हणाली, "एक कोपरा रिकामा वाटतो. अजून एक आणूया का?" पूर्वी मी तडक दुकान गाठलं असतं. यावेळी खाली वाकलो, सम्पचं दार उघडलं आणि स्किमरची वाटी पाहिली. रविवारी धुतलेली वाटी बुधवारीच काठोकाठ आली होती.

"नको," म्हटलं. "पंगत भरली आहे."