पंपाशेजारचा गाळा घेताना

तळोजा औद्योगिक वसाहतीच्या आसपास जुन्या पेट्रोलपंपालगत गाळा घेणाऱ्या बांधवांनी बयाणा देण्यापूर्वी जमीन व पाणी तपासून घ्यावे. लोखंडी टाकी मातीत गंजते, गळती वर दिसत नाही. पेट्रोल भूजलावर तरंगते. त्यातले बेंझीन मात्र काही प्रमाणात पाण्यात विरघळते. जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम ठेवली आहे. एवढ्याचा वास येत नाही, म्हणून नाकावर भरवसा नको.

किमान तीन बोअर घेऊन पातळी मोजली की पाण्याचा उतार कळतो. पण आपला काळा कातळ! पाणी भेगांतून वाट काढते, तेव्हा एका बोअरच्या चांगल्या अहवालावर व्यवहार करू नये. नमुना काचेच्या बाटलीत काठोकाठ भरावा. हवा राहिल्यास बेंझीन उडते. पावसाळ्यात पातळी चढते, त्यामुळे तपासणी उन्हाळ्यात आणि पावसानंतर अशी दोनदा करावी.